पिंपाचा पिक्चर

उमरगा
२१ मार्च २०२५

चि. श्रावस्ती,
जय भीम.

माझ्यावर झालेल्या एका घोर अन्यायाची दाद कुठं मागावी हे न कळल्यामुळं ती तुझ्याकडंच मागतो. मागच्या रविवारी सोलापूरच्या एका चकचकीत थिएटरात मला दारातच चष्मा देण्यात आला. माझ्या नाकावर आधीच एक चष्मा आहे आणि तो गेली वीस वर्षं तिथं सुखानं नांदतो आहे. "हा काढून तो घालू का?" असं मी सभ्यपणे विचारलं. दारावरची मुलगी म्हणाली, "नाही सर, त्याच्यावरच घाला." एका नाकावर दोन बिऱ्हाडं! वरचा घसरला की समुद्र दोन व्हायचे, खालचा घसरला की एकही राहायचा नाही. माणसाला कान दोनच आहेत आणि ते एका चष्म्याच्या काड्यांपुरतेच आहेत, हे त्या लोकांना कुणीतरी लेखी कळवायला हवं.

होय, तुझाच पिक्चर होता. मुद्दाम गेलो नव्हतो. सोलापुरात काम होतं, ते लवकर आटोपलं, बाहेर ऊन होतं आणि थिएटरात गार असतं. पहिली लाट आली तेव्हा मी पाय वर घेतले असं कुणी तुला सांगितलं, तर सीट आखूड होती एवढंच लक्षात ठेव.

तू फोनवर माझा नंबर बंद करून ठेवलास त्याला दोन वर्षं होत आली. घरचा पत्ता दिला नाहीस, म्हणून हे तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. तिथल्या पोरांनी विचारलं, "मॅडम, हे काय असतं?" तर सांग, याला पत्र म्हणतात, यात लाटा नसतात. त्या दिवशी पंगतीत सगळ्या पाहुण्यांसमोर मी एवढंच म्हणालो होतो की आमची श्रावस्ती हैदराबादला संगणकावर महिन्याला एक समुद्र तयार करते आणि आमच्या गल्लीत आठवड्याला एक टँकर येतो. विनोद चांगला होता. आजही चांगला आहे. तू ताटावरून उठलीस ती विनोदामुळं नव्हे, हसणाऱ्यांमुळं, असं माझं मत आहे. ते तुझ्यावर लादत नाही.

आता मुद्द्याचं. यंदा जयंती मंडळाचा अध्यक्ष आपला चुलतभाऊ बुद्धघोष आहे. ऑर्केस्ट्राला लोक कंटाळले म्हणून त्यानं विहाराच्या मैदानात दोन संध्याकाळ पिक्चर ठेवलेत, दोन्ही जहाजांचे. आधी जुना, तीन दिवसांनी नवा. नवा म्हणजे तुझा. परवानगीचं तू बघायचं आहेस असं त्यानं परस्पर ठरवून टाकलंय. आणि जुना कुठला? बस खाली आधी. पिंपाचा पिक्चर! सापडला! आमच्या कॉलेजातल्या कुमारनं इंटरनेटवरून शोधून काढला. मी ऑफिसातली फाईल तशीच उघडी टाकून त्याच्या खोलीत पळालो. पडद्यावर ते जहाज, ती सुरकुती पडलेली आभाळाची चादर, आणि जहाज हलतंय असं दाखवायला सगळे खलाशी एकदम डावीकडं झुकताहेत, एकदम उजवीकडं. कंदील मात्र छताला सरळ लटकलेला! मला हुंदका आला की हसू, कुमारला विचार.

आईला सांगितलं. तुझा एकही पिक्चर तिनं अजून पाहिलेला नाही, ते तुला माहीत आहे. म्हणाली, "पोरगी शेजारी बसंल तरच बगीन. न्हायतर घरीच बरी हाय."

मी तुला ये म्हणत नाही. आई काय म्हणाली ते फक्त कळवलं.

दादा

*

उमरगा
२९ मार्च

श्रावस्ती,

उत्तर आलं नाही. ठीक आहे. पण आज जे कळलं ते तुझ्याशिवाय सांगू कुणाला? दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, बरं मग?

पिक्चर हिंदी अक्षरांसह पूर्ण पाहिला. खाली वाक्यं येत होती आणि माझ्या कानात अण्णांचा आवाज होता, आणि दोन्हीची गाठच पडेना. तू लहान होतीस तेव्हा, पण तुला आठवतं ना, शिवप्पाच्या तंबूत इंग्रजी पिक्चर लागला की पडद्याच्या कडेला माईक घेऊन अण्णा उभे राहायचे आणि सगळं आपल्या बोलीत सांगायचे. नळदुर्गची जत्रा असो की उमरग्याचा बाजार, 'बाबू सांगनार हाय का' हे विचारूनच लोक तिकीट काढायचे. आणि गोष्ट काय होती? कप्तानानं गोड्या पाण्याचं पिंप वरच्या मजल्यावर कुलपात ठेवलेलं. वरचे लोक पाहिजे तेवढं पितात. खालच्या मजल्यावरचे वल्ही मारणारे सकाळी शिडाच्या कापडावरचं दव चाटतात. पिंपाला शिवायची त्यांना बंदी. मग एकडोळ्या कुऱ्हाड घेऊन वर येतो, पिंप फोडतो, आणि सगळे ओंजळीनं पितात. तंबू नुसता उठायचा.

श्रावस्ती, त्या पिंपात दारू आहे.

पाण्याचा संबंधच नाही! खलाशांना रोजची दारू कमी पडते म्हणून ते बंड करतात. एकडोळ्या हा पिक्चरातला खलनायक आहे. कप्तान नायक आहे. आणि शेवटी, जो शेवट आपण कधी पाहिलाच नाही, सगळ्या बंडखोरांना डोलकाठीला फाशी देतात आणि कप्तानाचं गव्हर्नरच्या मुलीशी लग्न लागतं. पन्नाशीला आलेला माणूस मी, कुमारच्या खोलीत ओरडलो, "खोटं आहे हे!"

तडक शिवप्पांकडं गेलो. ऐंशीच्या पुढं गेलेत, ऐकू कमी येतं, तंबू विकून टाकलेला, पण रिळाचं नाव काढलं की कान उघडतात.

"शिवप्पा, पिंपात दारू होती हे तुम्हाला ठाऊक होतं?"

"मला? मला इंग्लिश येतंय व्हय? पन वास आला व्हता मला," म्हणाले. "पानी पिऊन कोन असं झिंगतंय?"

"मग शेवटचं रीळ?"

म्हातारा म्हणाला, "तुझ्या बापानं पैल्याच खेळाला बघितलं ते. माईक खाली ठिवला. मला म्हनला, शिवप्पा, हे लोक आत्ता पानी पिलेत, आन् लगीच फाशी? म्या न्हाय सांगनार. तुला लावायचं आसंल तर मुक्यानं लाव. मग काय करतो? शेवटच्या रिळाच्या जागी पैल्या रिळातलं जहाज पुन्ना चालवलं. लोक म्हनायचे, बघा, आता सुटले, निघाले घरला!"

मला रात्रभर काही सुचलं नाही, असं लिहिणार होतो. पण झोप चांगली लागली. खरं सांगायचं तर इतका आनंद मला बऱ्याच दिवसांत झाला नव्हता. आपल्या बापानं एका अख्ख्या कंपनीचा पिक्चर उलटा केला होता, तोही इंग्रजीचं एक अक्षर न कळता!

पण आता पंचाईत अशी की यंदा माईक माझ्या हातात आहे आणि फाईल पूर्ण आहे. शेवट दाखवायचा की कापायचा? सांग.

दादा

*

उमरगा
५ एप्रिल

श्रावस्ती,

परवा फोनवर जे झालं ते लेखी असावं म्हणून लिहितो. नंतर तू म्हणशील, मी असं बोललेच नव्हते.

तुझा फोन आला तसा आईनं तो माझ्या ताटाजवळ ठेवला आणि आवाज मोठा केला.

"आई, तिथं कोण बसलंय?"

"कोन न्हाय. तुझा दादा हाय, प्रेमा."

"मग त्याला सांग, पत्रं मिळाली."

मी म्हणालो, "आई, तिला सांग, मिळाली की उत्तर द्यायची पद्धत आहे."

"त्याला सांग, उत्तर पत्राला असतं. टोमण्यांना नसतं."

आई वैतागली. "मी काय पोष्टमन हाय व्हय गं? बोला की एकमेकाशी! पीठ वाळाया लागलंय माझं."

मग तू थेट बोललीस. मी पहिल्यांदा काय म्हणालो? की तुमच्या नव्या पिक्चरात पाण्याचा थेंबन्‌थेंब चमकतो, पण तहानलेला माणूस एक नाही. कॅमेरा जहाजाच्या बुडाखालून जातो, माशाच्या तोंडातून बाहेर येतो, नायक पाण्यात बुडूनही केस विंचरल्यासारखा दिसतो. जुन्यात नांगर उचलायला अर्धं रीळ जायचं, लोक बाहेर जाऊन बिडी ओढून यायचे तरी नांगर वरच येत असायचा. पण कोण वर आहे आणि कोण खाली, हे पहिल्या पाच मिनिटांत कळायचं. हे सगळं मी एका दमात म्हणालो. दम चांगला आहे माझा.

तू म्हणालीस, "दादा, त्या पिक्चरात एकच लाट चारदा येते. हौदातली. डाव्या अंगाला दबलेली आहे, ओळखू येते. मी अण्णांना विचारलं होतं, समुद्र एवढाच असतो का? अण्णा म्हणाले, न्हाय गं, लई मोठा असतो, पर ह्यांच्याकडं न्हाय, म्हनून मला तोंडानं भरावा लागतो. घसा बसायचा त्यांचा. आठवतं? आई गरम पाणी द्यायची. मी समुद्र करते तो काय तुला हसवायला? पडद्यावरच पुरेसं पाणी असावं, कडेला उभ्या माणसाला ते तोंडानं भरावं लागू नये, म्हणून करते."

आईनं माझ्याकडं पाहिलं, मी भाकरीकडं पाहिलं.

मग तू विचारलंस, "वादळाच्या सीनमध्ये मधल्या डोलकाठीपाशी काय आहे, पाहिलंस?"

"काय आहे?"

"म्हणजे नाही पाहिलंस."

"अगं, दोन चष्मे होते मला..."

आणि इथं आपल्या आईनं दगा दिला. म्हणाली, "तीनदा गेलास की सोलापूरला! तीनदा बघून बी दिसलं न्हाय व्हय?"

फोनमधून तू हसलीस. दोन वर्षांनी. मी ऐकलं, नाकारू नकोस.

शेवटच्या रिळाबद्दल तू म्हणालीस, "दाखव. पूर्ण दाखव. अण्णांना वाटलं लोक खचतील. आता कुणी खचत नाही." मी म्हणालो, अण्णांनी नाही दाखवलं ते मी का दाखवू? तू म्हणालीस, "मग मला विचारलंस कशाला?" आणि शेवटी, "मी येईन असं धरून चालू नकोस."

मी काहीच धरून चाललो नाही. आईनं मात्र तुझी गोधडी उन्हात टाकली आहे.

दादा

*

उमरगा
११ एप्रिल

श्रावस्ती,

हे पत्र हैदराबादच्या गाडीच्या ड्रायव्हरच्या हाती देतोय, टपालावर थांबायला वेळ नाही.

काल सात वाजता सुरू केलं. पांढरं कापड, एक प्रोजेक्टर, आणि त्याच्या शेजारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत शिवप्पा. करायला काही नव्हतं तरी यंत्रावर एक हात ठेवून होते, तापलंय का बघायला. आपली गल्ली तर होतीच, पण लिंगायत गल्लीतले म्हातारे आले, ते रिटायर कंडक्टर मल्लिकार्जुन आले, 'बाबूचा पोरगा सांगनार हाय' म्हणून बाजारातले आले. कॉलेजच्या गॅदरिंगला मी लोकांची टोपी उडवतो, ते वेगळं. इथं उडवायला माझीच टोपी होती.

सुरुवात चुकली. मी फार शुद्ध बोलत होतो. मल्लिकार्जुन ओरडले, "आरं प्रेमा, बातम्या द्यायलास का पिक्चर सांगायलास?" मैदान हसलं आणि माझी जीभ सुटली. मग श्रावस्ती, मी नव्हतोच तिथं. वारा सुटला, शीड फाटलं, खालचे लोक दव चाटायला लागले. पुढच्या रांगेतली म्हातारी माणसं माझ्या आधी सांगायला लागली. आणि एकडोळ्या कुऱ्हाड घेऊन वर आला, तेव्हा मी अण्णांचा प्रश्न टाकला:

"पाणी कुणाचं?"

अख्खं मैदान: "तहान ज्याची त्याचं!"

कुणी शिकवलं नव्हतं, कुणी आठवण दिली नव्हती. ज्यांनी तंबू पाहिलेला नाही ती पोरंही दुसऱ्यांदा ओरडली.

मध्यंतरात घसा गेला. तेव्हा नागूबाई आल्या. तंबूच्या दाराशी शेंगा विकायच्या त्या. हातात पितळी तांब्या, आत गूळपाणी. "तुझ्या बापाला द्यायची मी," म्हणाल्या. "घे." त्या काळात त्यांच्या गल्लीतल्या बाईनं अण्णांच्या हातात आपल्या घरचं भांडं देणं ही साधी गोष्ट नव्हती. अण्णा त्याबद्दल कधी बोलल्याचं मला आठवत नाही. मी सगळं प्यालो.

आणि मग मी तुझं ऐकलं. शेवट दाखवला.

पहिला फास दिसला तसा मल्लिकार्जुन उभे राहिले. "ये! हे आपल्या पिक्चरात न्हवतं! कोन घातलं हे मदी?" बायकांत कुजबुज सुरू झाली. शिवप्पा कन्नडात 'बेडा, बेडा' म्हणायला लागले, नको, नको. एकडोळ्याच्या गळ्यात दोर पडला. मी माईकवर फक्त एवढंच म्हणालो, "हा कप्तानाचा शेवट आहे. अण्णांनी हा तुम्हाला कधीच दाखवला नाही."

गव्हर्नरच्या मुलीचं लग्न लागलं, कुणी टाळी वाजवली नाही. मग बायकांतून आईचा आवाज आला, "बरूबर केलं त्यांनी!"

आणि कुणीतरी ओरडलं, "पिंप पुन्ना लावा!" बुद्धघोषनं मागं नेऊन पिंप पुन्हा लावलं. फुटलं. पुन्हा लावलं. तीनदा फोडलं लोकांनी ते! घरी जाताना मल्लिकार्जुन मला म्हणाले, "बरं झालं दावलंस. बाबूनं काय केलं व्हतं ते तरी कळलं."

तेव्हा तू बरोबर होतीस की अण्णा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. दोघंही असू शकता. आपल्या घरात ते चालतं.

परवा तुझा पिक्चर. आई शेजारची जागा धरून बसणार आहे. तिथं कुणी दुसरं बसलं तर ती काय करेल ते तू ओळखतेस. तेव्हा ये. हे मी म्हणतोय, आई नव्हे.

दादा

*

उमरगा
१६ एप्रिल

श्रावस्ती,

तू फोन सुरू केलास, तरी हे लिहितोय. फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

तू मागं बायकांत बसली होतीस, आईचा हात तुझ्या मांडीवर. पुढं काय चाललं होतं ते तुला दिसलं नसणार. तुझी पहिली लाट आली तेव्हा पुढच्या रांगेतल्या सगळ्या म्हाताऱ्यांनी पाय वर घेतले. खुर्च्या प्लॅस्टिकच्या होत्या, आखूड नव्हत्या. तेव्हा तो मुद्दा मी मागं घेतो. शिवप्पांनी डोळे पुसले आणि मला विचारलं, "हे सगळं आपल्या बाबूच्या पोरीनं केलं? किती लोटे पानी लागलं आसंल?" मी म्हणालो, एकही नाही. ते माझ्याकडं बघतच राहिले.

मग वादळ. तीनदा पाहिलेलं. डोलकाठी मोडते, तोफा घसरून समुद्रात जातात, खलनायक जातो, त्याचं मांजरही जातं. मी मधल्या डोलकाठीकडंच बघत होतो. दिसलं. दोरानं बांधलेलं, झाकण उघडं, कडेला एक पळी लटकलेली. सगळं जहाज वाहून जातंय आणि ते जागचं हलत नाही. माझ्या तोंडातून आवाज निघायच्या आधी मल्लिकार्जुनच ओरडले:

"आरं, पिंप! पिंप हाय!"

पुढचं तू ऐकलंस. माईक कुणाकडंच नव्हता. प्रश्न कुणी विचारला मला माहीत नाही, मी नव्हता विचारला. उत्तर सगळ्यांनी दिलं. ते हैदराबादच्या तुझ्या ऑफिसपर्यंत गेलं नसेल, पण हायवेवरचे ट्रकवाले ब्रेक लावून बघत होते.

तुझ्या साहेबाला कळलं नाही का, हे विचारायचं राहिलंच. बसमध्ये चढता चढता तू सांगितलंस, "विचारलं त्यांनी, हे कशाला? मी म्हटलं, जहाजावर पाणी लागतं ना सर." एवढंच? मी या एका वाक्यासाठी दोन पानं लिहिली असती.

नव्या-जुन्याचा निकाल काय, असं बुद्धघोष मला विचारत होता, मंडळाच्या फलकावर लिहायला. मी आईकडं पाठवला. आई म्हणाली, "जुन्यात पानी थोडं व्हतं, म्हनून पिंप लई मोठं वाटायचं. हिच्यात पानीच पानी, तरी मला पिंपच दिसलं. आता जा, मला दळन आनायचंय." फलकावर जागा पुरली नाही, म्हणून त्यानं 'दोन्ही उत्तम' असं लिहिलं. फलक असेच असतात.

तुझी गोधडी आईनं घडी घालून वर ठेवली नाही. खाटेवरच आहे.

तू आणलेल्या बिस्किटांचा डबा आईनं फळीवर ठेवलाय, मोजून खाते. त्यातली मूठभर काल मी काढली. नागूबाईंचा तांब्या त्या दिवसापासून आपल्याकडंच राहिला होता. तो चिंचेनं घासला, बिस्किटं आत घातली, वर रुमाल बांधला आणि सकाळी कॉलेजला जाताना त्यांच्या दाराशी गेलो. भांडं रिकामं कसं देणार?

त्यांनी तांब्या घेतला, रुमाल सोडून आत बघितलं. मी निघालो तर म्हणाल्या, "उन्हाचा आलास. बस, पानी पिऊन जा."

बसलो. प्यालो.

दादा